नवसाचा रविवार, तपासणीचा सोमवार

कणकेचे रोडगे भाजायच्या गोवऱ्या रचायला माणसं उजाडायच्या आधीच वावरात गेली होती आणि घरातला वाद अजून मिटला नव्हता.

कुणाचा आवाज चढला होता असं नाही. पुंडलिकराव ओसरीत खाटेवर बसले होते. त्यांच्या पत्नी विमलताई गॅसपाशी उभ्या राहून मुगाच्या डाळीचं पाणी फडक्यातून गाळत होत्या. कणकेचं मोठं घमेलं बाहेर न्यायला आलेली सून दिपाली दोघांच्या मधे अडकली होती. पुढं जावं की थांबावं, तिला कळेना.

"फोन करून सांगाचं डॉक्टरले, या बारी जमत नाही म्हनून," पुंडलिकराव म्हणाले. "गाव जेवाले येऊन राह्यलं. देवाले सांगाचं का बाई बरी झाली, अन् दुसऱ्याच दिवशी तिले तपासाले न्यायचं, का बिमारी वापस आली का म्हनून? देव काय म्हनन?"

"देवाले माह्ये रिपोर्ट पहिलेच मालूम असन," विमलताई म्हणाल्या. "मालूम नाही ते आपल्यालेच."

त्यांनी फडकं पिळलं, पेल्यात उतरलेल्या पिवळट पाण्यात मीठ टाकलं आणि उभ्या उभ्याच पिऊन टाकलं. आज दिवसभर त्यांना एवढंच चालणार होतं. डाळीचं गाळलेलं पाणी, नारळपाणी, बिनदुधाचा चहा. उद्या सकाळी यवतमाळात दुर्बिणीनं आतडं तपासायचं, तर ते रिकामं आणि स्वच्छ हवं. म्हणजे ज्यांच्या नावानं आज रोडग्याचं जेवण होतं, त्यांच्याच पानात काही पडणार नव्हतं.

दिपालीनं घमेलं उचललं आणि मागच्या दारानं निघाली. तिला सासूची बाजू घ्यायची होती. पण सोमवारची वेळ तिनंच फोन करून घेतली होती आणि त्या वेळेतली एक गोष्ट सासऱ्यांना अजून ठाऊक नव्हती. तोंड उघडलं असतं तर तीही बाहेर पडली असती.

तीन वर्षांपूर्वी नागपूरच्या दवाखान्यात विमलताईंच्या मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली. त्यानंतर सहा महिने सलाईनमधून औषध चाललं. हातपाय झिणझिणायचे, थंड पाण्याला बोट लावलं तरी विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं, पाण्याचीसुद्धा चव जायची. पहिली तीन वर्षं जपायची, त्यातच परत यायचं भय जास्त, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुंडलिकरावांनी ते ऐकलं आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून गावच्या मारुतीला बोलले, तीन वर्षं तिला काही होऊ देऊ नको, साऱ्या गावाला रोडगे घालतो.

नवस बोलून ते मोकळे झाले. विमलताईंनी मात्र कामाला सुरुवात केली. पायात त्राण नव्हतं तेव्हा त्या अंगणातल्या अंगणात फिरत. मग मारुतीपर्यंत, मग नाल्यापर्यंत, आणि आता रोज सकाळी वावराच्या बांधापर्यंत जाऊन येत. लोक हसत, पुंडलिकरावांची बायको बूट घालून कुठं जाते म्हणत. त्या हसणाऱ्यांनाच "चाला संगं" म्हणत. घरात भाजी वाढली, तळण कमी झालं, ताक रोजचं झालं. नवऱ्याच्या आणि मुलाच्या खिशातली तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी त्यांनी एके दिवशी दोघांसमोर चुलीत टाकली आणि म्हणाल्या, "एका घरात एक कॅन्सर लय झाला." तो शब्द त्या असा बोलत, जसा कुणी पाऊस, ताप, सोयाबीन म्हणावं. रक्ताची तपासणी त्यांनी एकदाही चुकवली नाही. तूर कापणीला असो की घरात लग्न असो, त्या दिवशी त्या दिग्रसच्या स्टँडवर हजर.

आणि गेल्या आठवड्यात त्याच रक्तात पहिल्यांदा कॅन्सरची खूण दाखवणारा आकडा वर गेला होता. पुन्हा तपासलं, तर आणखी थोडा वर. नागपूरचे डॉक्टर फोनवर म्हणाले, घाबरू नका, पण थांबूही नका. सीटी स्कॅन आणि दुर्बिणीची तपासणी, दोन्ही करून घ्या.

वावरातल्या लिंबाखाली धूर चढला होता. तुरीची कापणी होऊन गंजी लागली होती, पलीकडं कपाशीची पऱ्हाटी अजून उभी होती. यवतमाळहून पहिल्या एसटीनं विमलताईंचा भाऊ विठ्ठलराव आला. यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत जन्मभर नोकरी करून तो निवृत्त झाला होता, तिथंच घर बांधून राहत होता आणि कुठल्याही आजारावर त्याच्याकडं बोलायला काहीतरी असायचं.

"मले समजलं, भाऊजी," निखाऱ्यापाशी बसत तो पुंडलिकरावांना म्हणाला. "हे सारं तपासन्यानं होते. मानूस चांगला चालते, फिरते, जेवते. तुमी त्याच्या आंगात नळी घालान, मशीनमंधी टाकान, तं काही ना काही निंघनच. आपल्या वेळी कोन तपासे?"

"मी तेच म्हनतो," पुंडलिकराव म्हणाले. त्यांना फार बरं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या बाजूनं बोललं होतं. "माह्यं तं ती आयकतच नाही. तू सांग. तू तिचा भाऊ होय."

विमलताई वांगी चिरणाऱ्या बायांमधे बसल्या होत्या. विठ्ठलराव तिकडं गेला. जरा वेळानं हात हलवत परत आला.

"काय म्हने?"

"म्हने, रात्री तुह्याच घरी मुक्काम हाय. संडास साफ करून ठेव."

पुंडलिकरावांना हसू यायला नको होतं, पण आलं.

दुपारी पंगत बसली. निखाऱ्यातून काढलेले रोडगे फडक्यात झटकून, फोडून तुपात बुडवले जात होते. वाढपी वरणाच्या आणि वांग्याच्या भाजीच्या बादल्या घेऊन फिरत होते. नयन, पुंडलिकरावांचा मुलगा, घरचा कर्ता. सकाळपासून तो सगळ्यांत पुढं राबत होता. तीन वेळा कुणी ना कुणी त्याला पंगतीत ओढलं आणि तिन्ही वेळा तो "मागून बसतो" म्हणून सटकला.

त्याला भूक लागली होती. पण दोन दिवसांपूर्वी तुरीच्या गंजीपाशी माय त्याला गाठून उभी राहिली होती. फिरायला निघालेली, पायात ते बूट.

"तुले संडासच्या वाटे रक्त जाते म्हने."

त्याला दिपालीचा राग आला. बायकोला विश्वासानं सांगितलेलं एवढंसं, आणि तिनं ते सरळ सासूच्या कानात घातलं.

"मूळव्याध हाय, माय. ट्रॅक्टरवर बसून बसून होते."

"मीबी वरीसभर तेच म्हनत होती," विमलताई म्हणाल्या. "मूळव्याध. बसून बसून. तिखट खाऊन. तुह्यीबी तेच निंघो, मारुतीची किरपा. पन पाहू तं दे. माह्या डॉक्टरनं तवाच सांगतलं होतं, मायले झाला, लेकरायची तपासनी वेळेवर करा. तू चाळिशी पार केली. मी तुले वरीसभरापासून म्हनून राह्यली अन् तू वावर पुढं करतं."

"अन् काही निंघालं मंग?"

"मंग माह्यासारखं तीन वर्सांनी लोकायले रोडगे घालजो."

त्याला रडू यायचं ते हसू आलं. तो हो म्हणाला. दिपालीनं सोमवारच्या वेळा दोन घेतल्या होत्या, हे त्याला त्यानंतर कळलं. बाबांना सांगायची हिंमत कुणाचीच झाली नाही.

आता चौथ्यांदा विठ्ठलमामानं त्याचा दंड धरला. "बस रे पोट्ट्या. कवाचा पायतो मी, तुह्या पोटात काहीच नाही. तुले काय तुह्या मायसारखं उपाशी राहाचं हाय?"

नयननं दंड सोडवून घेतला, पण 'नाही' म्हणायचं राहून गेलं. तेच त्याला नडलं. पंगतीच्या टोकाला बादली घेऊन उभ्या असलेल्या पुंडलिकरावांनी मुलाकडं पाहिलं, मग सुनेकडं. दिपालीनं मान खाली घातली.

"तुलेबी उद्या जायाचं हाय?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा."

"काहून?"

"थोडं रक्त जाते. मायनं सांगतलं, पाहून घे."

वाढपी जागच्या जागी थांबले. पुंडलिकरावांनी वरणाची बादली जमिनीवर ठेवली, वळले आणि विहिरीकडं चालू लागले. मागून कुणी हाक मारली, ती त्यांनी ऐकली नाही.

विहिरीच्या काठावर ते किती वेळ उभे होते, त्यांना कळलं नाही. पाठीमागून पावलं आली. मागं न बघताच त्यांना समजलं, कोण आहे.

"माह्या पोराच्या डोक्यात तू हे कायले भरलं?"

"माह्या पोटातून आला तो. माह्या पोटातलं त्याच्यात काय गेलं, ते मले पाहाव लागन," विमलताई म्हणाल्या.

"मले त्या दवाखान्याचा वास आठवला का भूक जाते, विमल. मी तथी रोज बसत होतो. दर वेळी वाटे, आता कोनी बाहीर येऊन सांगन, गेली म्हनून. ते संपलं असं वाटे मले. आज तं मी ते संपवाले बसलो होतो."

विमलताई काठावर टेकल्या. सकाळपासून पोटात काही नव्हतं, त्यामुळं बोलताना त्या मधेच थांबत होत्या.

"तुमाले वाटते मले भेव नाही? दर बारीनं रिपोर्ट याच्या आदी माह्ये हात थंडे पडते. मी तुमाले दाखवत नाही. पन तपासलं नाही तं भेव जाते का हो? तेच भेव मंग रोज घेऊन झोपाचं. मी एक दिवस भेतो, काय हाय ते पायतो, अन् बाकीचे दिवस मोकळी राह्यतो. तसेच तीन वर्सं काढले मी."

पुंडलिकराव विहिरीत बघत राहिले.

"आजचं जेवन तीन वर्सायचं हाय," त्या म्हणाल्या. "तुमी मागतले, त्यानं देल्ले. नवस फिटला. उद्या काहीबी निंघो, आजचं खोटं नाही होत. लोक अर्ध्या पानावर बसले हाय. चाला, वाढा."

त्या उठल्या तेव्हा किंचित डोलल्या. पुंडलिकरावांनी पटकन कोपर धरलं. तेवढं धरून दोघं पंगतीत परत आले. पुंडलिकरावांनी बादली उचलली, चार पानांवर वरण वाढलं आणि मग दिपालीपाशी थांबून, लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नयनले काय प्याचं चालते? उन्हात उभा हाय तो सकायपासून. नारळ हाय का अजून?"

दिपालीनं जवळजवळ पळतच नारळ आणला. आपल्या नवऱ्याला असं सरबराईनं नारळपाणी देणारा सासरा तिनं आजवर पाहिला नव्हता.

संध्याकाळी लोहाऱ्याच्या विठ्ठलरावाच्या घरात बैठकीतल्या टेबलावर मोठे दोन जग भरून औषधाचं पाणी ठेवलं होतं. पोट साफ करणारं. अर्धं आत्ता थोडंथोडं करून संपवायचं, उरलेला अर्धा डोस पहाटे. खारट, बुळबुळीत, लिंबाच्या खोट्या वासाचं. नयननं पहिला पेला नाक दाबून घेतला आणि वाईट तोंड केलं. विमलताईंनी आपला पेला चहासारखा घोटाघोटानं संपवला.

"थंडं करून पे," त्या मुलाला म्हणाल्या. "अन् मधातून लिंबाचं साखरपानी घे. मांगच्या बारी मी गरम गरम पेली होती. उलटी झाली, सारं पहिलेपासून."

घरात संडास एकच. तासाभरात माय आणि लेक यांच्यात शर्यत लागली. नयन निघाला की विमलताई आत, विमलताई निघाल्या की नयन दाराशी. एकदा दोघं एकाच वेळी उठले.

"माय, तू जा."

"नाही रे, तू जा. नवीन हाय तू."

विठ्ठलरावाची बायको नंदाबाई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती. विठ्ठलराव आधी घुश्शात होता. मग मोटार लावून टाकी भरून आला. मग साबण आणला, टॉवेल आणले, दाराबाहेर खुर्ची ठेवली. शेवटी त्या खुर्चीवर बहीण बसली आणि तो तिच्या समोर जमिनीवर. तिचा चेहरा पांढरा पडला होता. साठी उलटलेली ही बाई सकाळपासून डाळीच्या पाण्यावर होती, गावाला जेवू घालून, एसटीनं धक्के खात इथं आली होती, आणि आता वर हे औषध पीत होती. उद्या काय निघेल ते ठाऊक नसताना. विठ्ठलरावाला एकदम वाटलं, आपण असतो तर आज सकाळीच कुठंतरी पळून गेलो असतो.

"लय तरास होते का ताई?"

"होते. पन संपते," विमलताई म्हणाल्या. जरा थांबून त्यांनी विचारलं, "विठ्ठल, आपले बाबा कायनं गेले रे?"

"कावीळ झाली होती. पोट फुगलं होतं."

"त्याच्या आदी?"

विठ्ठलरावाला आठवत होतं. त्याच्या आधी बाबा वर्षभर वाळत गेले होते. पोटाला हात लावून बसायचे. संडासाहून आले की खाटेवर पडायचे. त्याला सगळं दिसत होतं, तो तेव्हा कॉलेजात होता. कुणी विचारलं की गॅस म्हणायचे.

"मालूम नाही आपल्याले, अन् आता मालूमबी होनार नाही," विमलताई म्हणाल्या. "पन मले वाटते, त्यायलेबी हेच असन. त्यायले दाखवाले कोनी नेलं नाही, काहून का कोनाले समजतच नव्हतं. आपल्याले तं समजते. मंग आपून काहून नाही पाहाचं? बाबाले झालं, मले झालं. तू काय वरून वेगळा बनून आला?"

"माह्यं काही दुखत नाही."

"माह्यंबी काही दुखत नव्हतं."

आतून नयन निघाला. विमलताई उठल्या, दार लावण्याआधी भावाकडं वळून म्हणाल्या, "आजच नाही म्हनत मी. पन ये."

दार बंद झाल्यावर विठ्ठलराव उठला. मग त्यानं स्वयंपाकघरात जाऊन सरबताला लिंबं पिळायला घेतली. नंदाबाई म्हणाली, मी करते. तो म्हणाला, राहू दे.

सोमवारी सकाळी पोटाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आधी विमलताईंना आत नेलं, मग नयनला. गुंगीचं इंजेक्शन देतात, काही कळत नाही, असं विमलताईंनी मुलाला सांगून ठेवलं होतं. दिपाली आणि पुंडलिकराव सकाळच्या एसटीनं गावाहून आले आणि बाकावर शेजारी शेजारी बसले. एरवी सासरा आणि सून एका बाकावर बसत नसत. आज पुंडलिकरावांनीच सरकून जागा केली.

डॉक्टर बाहेर आले ते पहिल्यांदा विमलताईंबद्दल बोलले. आतडं पूर्ण पाहिलं. जोडलेली जागा एकदम चांगली आहे, नवीन काही नाही. पुंडलिकरावांनी दोन्ही हात जोडले.

"आणि नयन यांचं," डॉक्टर म्हणाले. "मूळव्याध थोडी आहे. पण वरच्या बाजूला एक मोठा मस, म्हणजे पॉलिप, वाढलेला होता, त्याच्याजवळ एक लहान. दोन्ही आत्ताच काढले. तपासायला पाठवतोय. मला तरी तो अजून कॅन्सर झालेला वाटत नाही. पण चारपाच वर्षं तसाच राहिला असता, तर याच खोलीत आपण वेगळं बोललो असतो. वेळेवर आणलं तुम्ही."

तीन दिवस नवरा दिपालीशी धड बोलला नव्हता, घरातली गोष्ट बाहेर काढली म्हणून. तिला तो आत्ता शुद्धीवर यायला हवा होता, भांडायला आला असता तरी चाललं असतं.

दुपारी विमलताईंचा सीटी स्कॅन झाला. संध्याकाळी रिपोर्ट हातात आला आणि डॉक्टरांनी सगळ्यांना आत बोलावलं. नयनही होता, अजून जरा गुंगीत. विठ्ठलराव दाराला टेकून उभा.

"यकृतावर एक डाग दिसतोय," डॉक्टर विमलताईंकडं बघून म्हणाले. "बोराएवढा. एकच. बाकी फुप्फुसं, पोट स्वच्छ आहे. आधीचाच आजार तिथं गेलेला असण्याची शक्यता जास्त आहे. नागपूरला अजून एक तपासणी करतील आणि मग बहुतेक ऑपरेशन. असा एकटा, लहान असतानाच सापडला, तर काढता येतो. काढल्यावर बरीच माणसं चांगली राहतात. सगळी नाही, ते मी खोटं सांगणार नाही. पण रक्ताची तपासणी तुम्ही चुकवली असती, तर हा सापडला तेव्हा एकटा नसता."

पुंडलिकरावांनी बायकोकडं पाहिलं. विमलताईंचे हात मांडीवर एकमेकांत गुंतले होते. त्यांनी ते तसेच घट्ट धरले, डोळे मिटले आणि क्षणभर त्यांचा चेहरा म्हातारा दिसला. दिपालीला तो क्षण पुढं कायम आठवत राहिला, कारण तेवढ्या एका क्षणात सासूला काय किंमत पडत होती ते तिला दिसलं. मग विमलताईंनी डोळे उघडले.

"माह्या पोराचं पक्कं ना, डॉक्टर? काढलं ना सारं?"

"काढलं. तपासणीचा रिपोर्ट येईल. नंतर ठरलेल्या वेळी त्यांनाही पुन्हा यावं लागेल."

"येईन तो. मी आनतो त्याले," विमलताई म्हणाल्या. "माह्यं सांगा आता. नागपूरले कवा जायाचं?"

"उद्याच जाऊ," हे पुंडलिकराव म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. "मी घेऊन जातो. गावाले जायाचं कामच नाही, अथूनच निंघू. नयनले आराम करू द्या. सूनबाई, तू चालतं का संगं? तुले डॉक्टरचं बोलनं समजते."

बाहेर आल्यावर विठ्ठलराव दिपालीच्या मागं मागं पायऱ्या उतरला. रस्त्यावर ऑटोंचा गलका होता. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "सूनबाई, ते दुर्बिनवाल्याचा फोन नंबर तुह्याजवळ हाय ना? माह्यी बी एक येळ घेऊन ठेव. तुह्या मामीले सांगू नको आत्ताच. भेते ते."

"मामी भेते का तुमी भेता, मामाजी?"

"दोघंबी," विठ्ठलराव म्हणाला.

नागपूरला पंधरवड्यानं ऑपरेशन झालं. यकृताचा तेवढा भाग काढला. डाग कॅन्सरचाच होता, पण कडा स्वच्छ निघाल्या, आजूबाजूला काही नव्हतं. पुन्हा काही महिने औषध घ्यावं लागेल, रक्त आता आणखी लवकर लवकर तपासावं लागेल, हे विमलताईंनी डॉक्टरांकडून दोनदा नीट समजून घेतलं. नयनचा रिपोर्ट त्याच आठवड्यात आला. काढलेला मोठा मस कॅन्सरच्या वाटेवर होता, पोचला नव्हता. पुंडलिकरावांनी फोनवर ते ऐकलं आणि वॉर्डच्या दारात उभे राहून, अनोळखी माणसांसमोर, मोठ्यानं रडले.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी नर्स म्हणाली, आज जरा चालायचं. विमलताई खाटेवरून उतरल्या. पोटाला पट्टा, कुशीतून निघालेली नळी, नळीची पिशवी एका हातात. दुसरा हात भिंतीला. दिपाली धरायला पुढं झाली तर म्हणाल्या, "संगं चाल, धरू नको." खोलीच्या दारापर्यंत जाऊन त्या थांबल्या, श्वास घेतला आणि बाहेरच्या लांब व्हरांड्यात वळल्या.

व्हरांड्यात बाकांवर माणसं बसली होती. रुग्णांची, थकलेली. विमलताईंचं एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं. कपाळावर घाम. बाकावरची माणसं पाय आवरून घेत होती, वाट करून देत होती. नयन गावाहून आलेला, तो आणि पुंडलिकराव दाराशी उभे राहून बघत होते. टोकाच्या खिडकीपर्यंत जाऊन विमलताईंनी खिडकीला हात लावला, जरा वेळ बाहेरच्या झाडाकडं पाहिलं आणि परत वळल्या. मधे पोचल्यावर दिपालीला म्हणाल्या, "बस तू अथी. एक चक्कर मी एकटी करतो."

दिपाली बाकावर टेकली. शेजारी एक बाई बसली होती. तिचा नवरा आतल्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता, दोन दिवसांपासून उठायला तयार नव्हता. विमलताई पुन्हा खिडकीकडं निघाल्या तशी ती बाई त्यांच्या पाठीकडं बघत राहिली.

"केवढ्या हिमतीच्या हायेत," ती म्हणाली. मग दाराशी उभ्या असलेल्या नयनकडं आणि दिपालीकडं आळीपाळीनं बघून तिनं विचारलं, "कोनाच्या आई होय ह्या?"

नयननं बोलायला तोंड उघडलं.

"माह्या," दिपाली म्हणाली.